प्रतिज्ञापत्र, सकाळी दहा चाळीस

शिवाजीनगर कोर्टासमोर, झेरॉक्स आणि रसवंतीच्या मधे,
सात बाय नऊच्या गाळ्यात माझे दोन संगणक
एकमेकांकडे पाठ करून बसतात,
वाटणीचा दावा लावलेल्या भावांसारखे.
एकात विंडोज, बुधवार पेठेतल्या युनूस तांबोळीने
बिलासकट घालून दिलेलं.
दुसरा भंगारातला डबा,
भाच्याने, ओजसने, लिनक्स घालून उठवून बसवलेला.

शनिवारी दोघांची जुंपते, माझ्या चहावर.
ओजस म्हणतो, मावशी, पैसे भरूनही घर तुझं नाही,
मालक रात्री येतो आणि कपाटं हलवून जातो.
तांबोळी म्हणतो, पण नळाला पाणी येतं ना?
तुझ्या स्वतःच्या घरात आधी विहीर खणा!
विहिरीचं पाणी कुणी तोडत नाही, काका.
अरे, पण बाईंनी टायपिंग करायचं की खणायचं?

मला विचारतंय कोण.
माझी बोटं सत्याऐंशी साली रेमिंग्टनवर शिकली,
कळा फडक्याने झाकून, नारायण पेठेतल्या क्लासात.
सोपं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे:
अक्षर काल जिथे होतं
तिथेच आजही असणं.

मंगळवारी हिराबाई आली, वेल्ह्याहून, पहिल्या एसटीने.
बारा वर्षांपूर्वी नवऱ्याने टाकलेली.
आता कागदोपत्री माहेरचं नाव लावायचं होतं.
हिराबाई शेडगे व हिराबाई कोंढाळकर
ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे.
अकरा वाजता नोटरी उठणार.

दहा चाळीसला, शेवटचा परिच्छेद उरलेला,
आणि विंडोजचा पडदा निळा पडला.
टिंबं गोल फिरायला लागली.
बंद करू नका. एकोणीस टक्के.
काय झालं वं?
म्हटलं, सुधारणा चाललीय, थांबावं लागेल.
हां, म्हणाली. सासूबी आसंच म्हनायची.
सुधारंल, थांब जरा.

मी खुर्ची फिरवली.
पेनड्राइव्हमधला जुना मसुदा लिनक्सवर उघडला
तर सगळी डॉलरची चिन्हं आणि टोप्या घातलेले परके स्वर.
कोरं पान घेतलं.
इथे नवऱ्यातला 'ऱ्या' नेहमी मोडायचा,
रफार होऊन डोक्यावर बसायचा.
सवयीने बोट टाकलं
आणि 'ऱ्या' आला, अख्खा, जिथल्या तिथे.
ओजस रात्री बसून रेमिंग्टनच्या कळा लावून गेला होता
आणि, भांडणात एवढं बोलणारा पोरगा,
हे बोलला नव्हता.

ह्यो पक्षी कसला? हिराबाईने पडद्यावर बोट ठेवलं.
पेंग्विन. हे फुकटातलं आहे, त्याची खूण.
भाचा चिडतो, फुकट नाही म्हणतो, मुक्त म्हण.
मुक्त म्हंजी?
सोडल्याली का सुटल्याली?

सत्याऐंशीपासून पहिल्यांदाच
माझी बोटं वाक्याच्या मधे थांबली.

प्रिंटरने मात्र लिनक्सला ओळख दाखवली नाही.
पेनड्राइव्ह घेऊन परत खुर्ची फिरवली.
तिकडे शंभर टक्के झाले होते,
'स्वागत आहे' म्हणत होता, जणू काही झालंच नाही.
कपाटं हलली होती. छापायचं बटण शोधण्यात दोन मिनिटं गेली.
कागद निघाला दहा छप्पन्नला.
ती तो दोन्ही तळव्यांवर आडवा धरून पळाली,
शाई ओली असल्यासारखी.

साडेअकराला परत आली, दहा रुपये राहिले होते.
माझ्याकडे सुटे नव्हते.
राहू द्या म्हणाली नाही, बसली.
रसवंतीवाल्याकडून नोट मोडून येईस्तोवर
पडद्याकडेच बघत होती.
ह्याला उडता येत नसंल.
नाही. पण पोहतो.
हां, म्हणाली, आणि पिशवी उचलली.
मंग चालंल.